विगोसाहेब, तो एक दिवस

साहेब, तुम्हाला पोचवून आलो त्याला आज तेरा दिवस झाले. तुमची घरमालकीण हिरूबाय अजून सकाळी दोन पेले चहा करते आणि दुसरा कोणी प्यायचा यावरून स्वतःशीच भांडत बसते. परवा मी गेलो तर तो मला प्यावा लागला. तुम्ही त्यात किती गूळ घालून घेत होता हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. चहा कसला, काकवीच ती. पण मी सगळा प्यायलो, कारण हिरूबाय समोर बसून पाहत होती.

मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात तुमच्याबद्दल चार ओळी आल्या आहेत. अलिबागच्या पोस्टातल्या कारकुनानं कात्रण आणून दिलं. डेन्मार्कचे खेळाडू, पुढे अनेक परक्या संघांचे फुटबॉल-शिक्षक, अलीकडे कुलाबा जिल्ह्यात वास्तव्य. थळ हे आपल्या गावाचं नाव त्यात नाही. तुम्ही पिंपं बांधत होता हेही नाही. मी ते कात्रण दोनदा वाचलं आणि घडी करून शाळेच्या हजेरीपुस्तकात ठेवलं. मी लिहिणार ते निराळं आहे. जे तुमच्यासमोर तीन वर्षं माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही, ते मला लिहायचं आहे, आणि तिथवर जायला मला नेहमीप्रमाणे वेळ लागणार आहे. तुम्हीच म्हणायचा, मास्तर गोलात उभा राहून आधी वारा बघतो, मग चेंडू.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो का? मुंबईच्या गिरणीच्या संघाला शिकवायला तुम्हाला बोटीनं इतक्या लांब आणलं, आणि संप झाला तेव्हा सगळ्यांआधी तुम्हालाच मोकळं केलं. अलिबागला कोणाकडे तरी हवापालटाला म्हणून आलात आणि फिरत फिरत आमच्या किनाऱ्यावर उतरलात. ओहोटीच्या ओल्या वाळूत आमची पोरं काथ्याचा चेंडू लाथाडत होती. तुम्ही बराच वेळ उभे राहिलात. मग बूट काढले, मोजे काढले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि उजवा गुडघा ताठ ठेवून जी एक लाथ मारलीत ती थेट सुकटीच्या टोपलीत. टोपली हिरूबायची होती. तिनं तुम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या तुम्हाला कळल्या नाहीत, म्हणूनच तुम्ही तिच्या पडवीत राहायला आलात असं गावात अजून म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता शिट्टी वाजेल, असं तुम्ही जाहीर केलंत. गावात इंग्रजी येणारा मी एकटाच मराठी शाळेचा मास्तर, तेही अलिबागला दोन इयत्ता शिकलेलं इंग्रजी, म्हणून ते मीच सगळ्यांना सांगितलं. पोरं हसली. मला कारण ठाऊक होतं, पण मीही सांगितलं नाही, गंमत बघायची होती. तीन दिवस चाललं. आठव्या दिवशी तुम्ही घड्याळ बघत चार वाजता किनाऱ्यावर आलात आणि जिथं मैदान होतं तिथं कमरेएवढा दर्या होता. तुम्ही शिट्टी वाजवलीतच. पोरांतल्या धाकूनं पाण्यात उभं राहून सलाम ठोकला. माझे बाबा, थळातले होडी हाकणारे सगळ्यात जुने तांडेल, होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते, त्यांनी तुम्हाला हाक मारून शेजारी बसवलं आणि बोटांवर हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. द्वादशीला नऊ. म्हणजे तीनला मैदान मोकळं. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत. त्या दिवसानंतर तुमच्या वहीत इंग्रजी तारीख नसायचीच, सगळं प्रतिपदा, द्वितीया. असला गोरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

भाषाही तुम्ही हिरूबायकडूनच उचललीत. मी तुम्हाला शाळेतलं मराठी शिकवायला निघालो होतो, 'मला पाणी हवे आहे' वगैरे. तुम्ही अलिबागच्या मामलेदारांपुढे उभे राहून म्हणालात, "मना पानी पायजे." मामलेदारांच्या हातून चष्मा पडायचा राहिला.

पिंपांची गोष्ट मला फार आवडायची. तुमचे वडील पिंपं बांधणारे, तिकडे खारवलेल्या मासळीसाठी. लहानपणी हातात हातोडा बसला होता तो इथे कामी आला. होडीवर गोड्या पाण्याला पिंप लागतं, खाऱ्या मासळीला लागतं, आणि मुंबईहून येणारी गळायची. तुमचं एकही गळलं नाही. फळ्या तासता तासता तुम्ही बोलायचा, तेही तुकड्यातुकड्यानं, मध्येच थांबून लोखंडी कड्यावर दोन घाव घालून. तुमच्या गावच्या संघात तुम्ही विशीतच नावाजलात. मग स्कॉटलंडहून कोणी आलं आणि पगारावर खेळायला घेऊन गेलं. तुम्हाला वाटलं होतं, दोन वर्षं खेळू आणि परत येऊ. तिथे गेल्यावर कळलं की तुमच्या देशाचा नियम असा की खेळाचा पगार घेतलेल्या माणसाला देशाच्या संघात पुन्हा जागा नाही. कधीच नाही. मी विचारलं होतं, जाण्याआधी कोणी सांगितलं नाही का? तुम्ही म्हणालात, "सगल्यांना ठावं व्हतं. कोनी बोल्लं न्हाय." मग गुडघा गेला. मग एकेका देशात संघ शिकवणं, कुठे दोन मोसम, कुठे एक, आणि प्रत्येक ठिकाणाहून हरल्यावर निघणं. ती देशांची नावं मी विसरलो. तुम्हीही ती भरभर सांगायचा.

आमच्याकडे मात्र तुमचा जीव रमला, असं मला वाटतं. मला तसं वाटणं सोयीचं आहे, हेही मी जाणतो.

तुम्हाला थळच का सापडलं, याचं उत्तर बाबांकडे होतं. ते म्हणायचे, पावसाल्यात कोल्याला काम न्हाय नि चेंडूवाल्याला पावसाल्यातच काम. खरंच होतं. आषाढाआधी होड्या वर ओढून शाकारल्या की नारळी पुनवेपर्यंत आमचे गडी नुसते बसलेले, आणि मुंबईच्या मोठ्या स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत, चिखलात. तुम्ही हे ओळखलंत आणि अकरा जणांचा संघ उभा केलात. बंड्या जाड मांजरपाटाच्या, जाळी रंगवतो त्याच सालीच्या रंगात बुडवून काढलेल्या, तपकिरी. पहिल्या घामाला त्यांचा रंग अंगाला लागायचा आणि मासळीचा वास तर धुऊनही जायचा नाही. बुटांवरून आपलं भांडण झालं. तुम्हाला बूट हवे होते, आमच्या पायांना ते सोसेनात. धाकूनं एक जोड घालून पाहिला आणि बैल पहिल्यांदा नाल ठोकल्यावर चालतो तसा चालला. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. त्यानंतर बुटांचा विषय निघाला नाही.

एक भांडण मात्र मिटलं नाही. अकरा जणांत गोली मी. तुमच्या ओळखीच्या एका गिरणीच्या संघानं मला मागणी घातली होती. कायमची नोकरी, राहायला खोली, आणि पावसाळाभर खेळ. ते पत्र तुमच्या नावे आलं, आणि मला न विचारता तुम्ही नकार कळवलात. मला ते पंधरा दिवसांनी समजलं. मी तुमच्या पडवीत येऊन ओरडलो, तुम्ही पिंपाचं कडं बसवत होता, मान वर केली नाहीत. म्हणालात, "तुजी शाला हाय. तुजा गाव हाय. पगाराला गेलास तर परत यायला मिलनार न्हाय." मी म्हटलं, हे डेन्मार्क नाही, मुंबईहून आगबोट रोज सुटते. आणि माझं मी ठरवीन, तुम्ही कोण? तुम्ही कड्यावर आणखी एक घाव घातलात. मी तेव्हा पंचविशीचा होतो, आणि त्या गावातल्या सगळ्यांत शहाणा मीच अशी माझी समजूत होती. तुमचं चुकलं होतं, साहेब. आजही मी तेच म्हणेन. विचारायला हवं होतं. पण पुढे जे झालं त्याला हे कारण पुरेसं होतं का, हे मला तेरा दिवसांत ठरवता आलेलं नाही.

त्याच साली आपण मुंबईच्या स्पर्धेत उतरलो. पोयनाडमार्गे धरमतर, तिथून आगबोट, आणि धक्क्यावरून मैदानापर्यंत अनवाणी चालत. आपल्याला बघून लोक नाकाला रुमाल लावायचे आणि मॅच संपता संपता तेच रुमाल हवेत उडवायचे. दोन मॅच आपण जिंकलो. तिसरी बुटवाल्या गोऱ्या पलटणीशी. शेवटच्या पाच मिनिटांत धाकूनं बरोबरी केली आणि मॅच तशीच सुटली. पुन्हा खेळायची ठरली. पंचांनी दिवस सांगितला, तुम्ही वही काढलीत आणि तिथी मोजलीत. नारळी पुनवेचा दुसरा दिवस.

तुम्ही आमच्याकडे वळून तो दिवस सांगितलात. कोणी पायाचा चिखल खरवडू लागला, कोणी बंडी पिळू लागला. तुम्हाला वाटलं पोरं दमली आहेत.

नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी भरतीला होड्या लोटायच्या, हे तुम्ही पाहिलेलं होतं. एक दिवस मागेपुढे झाला तर काय बिघडलं, असं तुम्हाला वाटणं साहजिक होतं. पण आमच्याकडे होडी रंगवून उभी झाली की तिच्याजवळ 'थांब' हा शब्द उच्चारायचा नाही. बाईनं नाही, पोरानं नाही, पाहुण्यानंही नाही. तीन महिने चूल अर्धी पेटलेली असते, आणि पहिल्या दिवशी निघालेली होडी वर्षाचं नशीब घेऊन येते असं मानतात. प्रत्येक गडी एका होडीला बांधलेला. एक गडी कमी झाला तर ती होडी किनाऱ्यावर राहणार आणि त्या घरातली सगळी माणसं त्याच्याकडे बघणार. हे अकरा जणांना ठाऊक होतं. तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, कारण तुमच्या आमच्यामध्ये बोलणारा मीच.

परतीच्या आगबोटीवर तुम्ही मला कठड्याशी गाठलंत. विचारलंत, तांडेल लोक एक दिवस देतील का? मी म्हटलं, विचारतो. तुम्ही म्हणालात, "तुजा बापूस मोटा हाय. त्यो व्हय बोल्ला तं सगले बोलतील." मी पुन्हा म्हटलं, विचारतो.

मी विचारलं नाही. दोन दिवस बाबा होडीला शेवटचा हात देत होते, मी दोन वेळा त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि रंगाचं डबडं हातात धरून परत आलो. पुनवेच्या सकाळी तुम्ही बंड्यांचं गाठोडं पाठीला मारून निघालात. एक दिवस आधी जाऊन पंचांना भेटायचं, जागा बघायची, ही तुमची नेहमीची रीत. नाक्यावर मला विचारलंत, काय बोलले? मी म्हटलं, "व्हय बोलले. उद्या पहाटे निघतो आम्ही सगळे." तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत. मग खांद्यावर हात ठेवलात आणि मोटारीत चढलात.

मी खोटं का बोललो? बाबांची भीती होती, ती खरी. तुमचा चेहरा पडेल ही भीतीही होती. आणि तळाशी, साहेब, ते पत्रही होतं. मला न विचारता माझ्या वतीनं 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला मी कोणालाही न विचारता 'हो' म्हणून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शाळेची रजा टाकून नाक्यावर गेलो. एकटाच. कोणाला वाटलं तर येईल, अशी वेडी आशा होती. धाकू खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन समोरून आला. म्हणाला, "मास्तर, तू इकरं कशाला उबा? आज होऱ्या निंगतान." आणि खाली मान घालून किनाऱ्याकडे गेला. भरती दुपारी होती. म्हणजे माझ्या हातात सकाळभर वेळ होता. अलिबाग दोन कोस. पोस्टात जाऊन एक तार करायची, 'संघ येत नाही', एवढंच. नाहीतर मोटार धरून एकट्यानं यायचं. अकरातला एक गोली तरी तुमच्या शेजारी उभा राहिला असता. मोटार आली, थांबली, मला विचारून निघून गेली. मी घरी आलो. चुलतभावाला ताप भरला होता आणि बाबांना एक हात कमी पडत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल." मास्तर झाल्यापासून मी होडीत पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. मला कोणीतरी ओढून नेलं तर बरं, असं मला झालं होतं.

पाच वाजायच्या सुमारास, मॅच सुरू व्हायच्या वेळेला, आम्ही खांदेरी बेटाच्या बाहेर जाळं टाकत होतो. धाकू शेजारच्या होडीत होता. त्यानं एकदा मुंबईच्या दिशेनं पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही दोघांनी मान फिरवली. पापलेट खूप लागलं. हात भरून आले तरी मला त्याचा आनंद झाला नाही.

मैदानावर काय झालं ते मला नंतर भायखळ्याला मासळी विकणाऱ्या आपल्या गावच्या माणसानं सांगितलं. तो मुद्दाम मॅच बघायला गेला होता. म्हणाला, सायबानं गाठोडं सोडलं आणि अकरा बंड्या गवतावर मांडल्या, ज्याची जागा जिथे, तिथे. पाऊस भुरभुरत होता. पलटणीचा संघ आला, पंच आले, लोक हसायला लागले. साहेब गोलाजवळ उभा होता, तिथल्या बंडीपाशी. पंचांनी घड्याळ दाखवलं तेव्हा त्यानं जाऊन समोरच्या कप्तानाशी हात मिळवला आणि मग बंड्या गोळा केल्या. पुढच्या फळीपासून सुरुवात केली. गोलातली शेवटी उचलली.

तुम्ही तिसऱ्या दिवशी परत आलात. मी हिरूबायच्या अंगणात होतो, पळून जायला वाट नव्हती. तुम्ही गाठोडं सोडून ओल्या बंड्या बोंबील वाळवायच्या वलांडीवर एकेक करून टाकल्यात. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "मासली कशी व्हती?"

मी म्हटलं, "चांगली होती."

"पापलेट?"

"हो."

तुम्ही मान हलवलीत आणि हात धुवायला गेलात. मी तुमच्या पाठीकडे बघत राहिलो. बोलायचा क्षण तोच होता, अजूनही मला ते अंगण दिसतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत एकेक गडी यायचा आणि आपली बंडी वलांडीवरून काढून न्यायचा. दहा गेल्या. माझी तिथेच राहिली. एका सकाळी ती तिथं नव्हती.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. तुम्ही शिट्टी वाजवायचं सोडलं नाहीत. आपण अलिबागशी खेळलो, रेवदंड्याशी खेळलो, चौलच्या वाडीवाल्यांना तर दरवर्षी हरवलं. मुंबईचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. मी गोलात उभा राहायचो तो शाळेच्या सदऱ्यात. दहा तपकिरी आणि एक पांढरा. बाहेरगावच्यांना वाटायचं गोलीचा वेष वेगळाच असतो. तुम्ही कधी विचारलं नाहीत की बंडी कुठे आहे, आणि मी कधी मागितली नाही. आपण तिथीवर बोललो, बोंबलावर बोललो, माझ्या लग्नात तुम्ही हळद लावून घेतलीत आणि आठवडाभर पिवळे फिरलात. इतकं बोलणारे आपण. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही काहीतरी विनोद करायचा आणि मला हायसं वाटायचं.

शेवटच्या आठवड्यात तुमची छाती फार भरली होती. मी शाळा सुटली की येऊन बसायचो. एकदा डोळे मिटूनच विचारलंत, "आज तिथी कोनची?" मी म्हटलं, नवमी. तुमची बोटं पांघरुणावर हलली. पावणेसातला भरती. "मंग दुपारी खेलाय मिलंल," असं म्हणालात. मी म्हटलं, साहेब, मला एक सांगायचंय. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे पाहिलंत, आणि खरं सांगतो, तुम्ही वाट बघत होता. तेवढ्यात हिरूबाय पेज घेऊन आली आणि म्हणाली, त्याना बोलायला लावू नको, खोकला येईल. मी लगेच उठलो. तिचं ऐकायला मला किती घाई झाली होती! दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्यापलीकडे होता.

तुम्हाला कोर्लईच्या किरिस्तांवांच्या दफनभूमीत न्यायचं ठरलं. पाद्रीबाबांनी तुमचा पंथ निराळा असूनही कोपऱ्यातली जागा दिली. जायचं पाण्यानंच. पहाटे मी किनाऱ्यावर आलो तर थळातली एकही होडी बाहेर गेलेली नव्हती. ऐन हंगाम, दर्या स्वच्छ, वारा अनुकूल, आणि सगळ्या होड्या ओळीनं उभ्या. बाबा काठी टेकत आदल्या संध्याकाळी घरोघर फिरले होते, हे मला तेव्हा कळलं. तुमच्या पिंपांसाठी आणलेल्या फळ्यांचीच पेटी केली होती. झाकण लावण्याआधी हिरूबायनं तुमच्या डोक्याखाली घडी घातलेलं तपकिरी कापड सारखं केलं. मी पाहतोय असं दिसल्यावर म्हणाली, "तुजीच हाय. तू न्हेलीस न्हाय. त्यो बोललेला, मास्तर मागंल तवाच द्याची."

बाकीच्या होड्या मागे होत्या. आमच्या होडीत सुकाणूवर बाबा, आणि मी पेटीला हात लावून बसलेलो. रेवदंड्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले.

"येक दिस मागला व्हता त्यानं. तवा मी न्हाय दिला. आज दिला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, कोणी मागितला? कधी?

"सायबानं. पुनवेच्या सकाली, म्हुंबयला जायाच्या आदी. इकरं आला, होरीच्या म्होरं उबा ऱ्हायला, नि मना बोल्ला, तांडेल, येक दिस थांब. रंगवलेल्या होरीम्होरं! दुसरा कोन असता तं वल्हं घातला असता डोस्क्यात. मी बोल्लो, सायेब, न्हाय जमाचं. पोरा येनार न्हाईत. त्यो बोल्ला, बरा."

म्हणजे नाक्यावर मला विचारलंत तेव्हा, साहेब, तुम्हाला सगळं माहीत होतं. मी तुमच्या डोळ्यांत बघून 'व्हय बोलले' म्हटलं, आणि तुम्ही खांद्यावर हात ठेवलात.

"मंग मी त्याना इचारला," बाबा पुढे म्हणाले, "कोनी येनार न्हाय, तं तू जातंस कशाला? त्यो बोल्ला, मास्तर येकटा आला तरी येल. त्यो आला नि मी तिकरं नसलो, तं त्याना कसा वाटंल?"

बाबांनी सुकाणू वळवलं. मागच्या होडीत धाकू उभा होता, तपकिरी बंडी घालून.

साहेब, मी कोणालाही विचारलं नव्हतं. तार केली नाही. मोटार माझ्यासमोर थांबली होती आणि मी चढलो नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं, तरी ते माझ्या तोंडून ऐकायला तुम्ही तीन वर्षं थांबलात, आणि मी आलो नाही.